अर्ध्यावर कापलेला ताणा

माणूस बुडणार आहे हे मला त्याच्या आवाजावरून त्याच्या आधी कळायचं. यात माझी काही विद्या नव्हती. मी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि कितीतरी वर्षं कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसले. समोर भोकांची भिंत, हातात कॉर्ड, कॉर्डच्या टोकाला पितळी प्लग. नागपूरचा माणूस मुंबईचा नंबर मागायचा, आम्ही तो तिकिटावर लिहून घ्यायचो आणि लाईन मोकळी झाली की दोन टोकं जोडून द्यायचो. तीन मिनिटं झाली की मध्येच 'थ्री मिनिट्स' म्हणायचं. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम. लाईन साफ आहे की नाही हे कळायला मात्र थोडं ऐकावंच लागायचं. खोटं कशाला बोलू, लाईन साफ असली तरी मी ऐकायचे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एसटीडी आली होती, पण सगळ्यांकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांनाही दुपारी लागत नसे. बारा ते दोन या वेळात इतवारीतून आणि रामदासपेठेतून मुंबईचे जे कॉल यायचे ते शेअर बाजाराचे. त्या दोन तासांत मी माणसं जेवढी ओळखली तेवढी नंतर कुठेच नाही. समोर चेहरा नसला की माणूस लपत नाही.

रामदासपेठेतला एक डॉक्टर होता. भाव चढला की त्याचा आवाज चढायचा, दलालाला 'यार' म्हणायचा, घरी जेवायला ये म्हणायचा. भाव पडला की त्याच दलालाशी भांडायचा, जणू दलालानं घरी बसून भाव पाडला. नाचता येईना अंगण वाकडं, तसला प्रकार. 'मी सगळा अभ्यास करून घेतला होता' हे वाक्य तो दर पडझडीला म्हणायचा. हे वाक्य आलं की मी शेजारच्या मैत्रिणीला खूण करायचे. सहा महिन्यांत त्याचे कॉल बंद झाले, आणि त्याच्या दवाखान्यावर दुसऱ्याच डॉक्टरची पाटी लागलेली मी बसमधून पाहिली. मला वाईट वाटलं नाही. त्या वयात मला कुणाचंच फारसं वाईट वाटत नसे.

आणि इतवारीतला तो म्हातारा. पूर्वी जवसाचा वायदा खेळलेला, तो बंद झाल्यावर शेअरकडे वळलेला. रोज कॉल लावायचा, पण लावल्यासारखं वाटायचंच नाही. "क्या भाव?" मुंबईहून भाव यायचा. मग थोडी शांतता. मग एकतर "रहने दो", नाहीतर "गलती मेरी, काट दो." फोन खाली. तीन मिनिटांचे पैसे भरून तो अर्धं मिनिट बोलायचा. कधी मोठा फायदा झाला तरी आवाज तोच, आणि तोटा कापला तरी तोच. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. या बाजारात मात्र न बोलणाऱ्याचंच खरं दिसत होतं. एवढ्या वर्षांत बाकी आवाज आले आणि गेले, तो राहिला.

त्यावरून मी माझं मत बनवलं. या धंद्याला थंड डोकं लागतं, बाकी काही नाही. मत बनवायला मला कधी वेळ लागला नाही, आणि बनलेलं मत मोडायचं तर समोरच्याला माझ्याशी भांडावं लागायचं.

थंड डोक्याचा माणूस माझ्या घरातच होता.

आम्ही कोष्टी. महालात आमच्या दोन खोल्या, पुढची आणि मागची. दोन्ही खोल्यांत जमिनीत खड्डा आणि खड्ड्यावर माग. पुढे भाऊ बसायचा, मागे बाबा. आई गेल्यावर मीच घर चालवायचे, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत पुढे पुढे कुणाला झाली नाही. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. लहानपणापासून शांत. मागावर धागा तुटला की बाबा निदान च्च तरी करायचे; भाऊ काहीच करायचा नाही. वाकायचा, दोन टोकं शोधायचा, बोटांत धरून पीळ द्यायचा, आणि पुढे विणायला लागायचा. एका सकाळी पंधरा वेळा धागा तुटलेला मी पाहिला आहे. पंधरा वेळा त्यानं तो जोडला आणि पंधराव्या वेळी मला म्हणाला, "ताई, चहा झाला काय?"

ताण्याबद्दल आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागावर उभे धागे ओढून बसवतात तो ताणा. एकदा बसवला की त्याची लुगडी पूर्ण विणून होईपर्यंत तो उतरवायचा नाही. सूत खराब निघालं, रंग उतरला, व्यापारी भाव पाडून मागायला लागला, तरी चालेल. विणून संपवायचं. शेवटी बाबा मागाला हळदकुंकू लावायचे आणि मग कात्रीनं ताणा कापायचे. अर्ध्यावर ताणा कापणं आमच्यात अशुभ. विणणारा मध्येच मेला तर भाऊ बसतो, भाऊ नसेल तर भावाचा मुलगा बसतो. घरात बसायलाच कुणी उरलं नाही, तरच तो अर्धा कापतात. आमच्या घरात तसं कधी झालं नव्हतं, याचा आम्हाला अभिमान होता.

यंत्रमागाच्या लुगड्यांनी आमचा धंदा बसवला, हे सगळ्यांना माहीत आहे, त्याची रड मी इथे लावत नाही. पुढच्या खोलीतला भावाचा माग महिन्यातून पंधरा दिवस रिकामा राहायला लागला. भाऊ त्याच्याजवळ बसून असायचा. बाबा मागच्या खोलीत ठकठक विणत असायचे आणि हा पुढे बसून ऐकत असायचा. मला ते बघवत नसे. एका रविवारी मी त्याला म्हटलं, "तुले एक सांगू काय? मी रोज ऐकते. मोठे शिकलेले लोक ज्याच्यात बुडून राहिले, ते तुझ्यासारख्या माणसाचं काम आहे. तुझं डोकं थंड आहे."

तो म्हणाला, "मले त्यातलं काय समजते वं ताई?"

"समजाचं काय आहे त्यात? घाबराचं नाही, एवढंच."

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं म्हटलं.

मी त्याला सरळ म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. दुकानाचा पत्ता तिकिटावर असायचाच. इतवारीतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक खोली, गादी, काळा फोन, आणि फोनशेजारी म्हातारा, आवाजापेक्षा बराच लहानखुरा. मी नमस्कार करून दोन वाक्यं बोलले असेन. त्यानं मान वर केली.

"आप ट्रंकवाली हैं," तो म्हणाला.

 ऐकायचं नाही हा नियम. हा तक्रार करेल तर नोकरी जाईल. पण तो त्यावर पुढे काही बोलला नाही. आतून सून चहा घेऊन आली, कप ठेवले, सासऱ्याकडे न बघता गेली. म्हाताऱ्यानं भावाकडे पाहिलं. काय काम करता, विचारलं. भावानं सांगितलं. मग त्यानं एकच प्रश्न विचारला.

"काम बिगड गया, तो क्या करते हो?"

भाऊ म्हणाला, "जोडतो."

"और फिर टूटा?"

"पुन्हा जोडतो."

"कब तक?"

भावाला प्रश्नच कळला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "पूर्ण होतवरी."

म्हाताऱ्यानं चहा संपवला. मग मला म्हणाला, "बहनजी, इसको यहां मत लाओ. अच्छा आदमी है. यहां जोडनेवाला नहीं चलता." आणि सून गेली त्या दाराकडे बघत, "मैंने सगे भाई को एक दिन में धंधे से काट दिया था. दुकान बच गई. इस घर में मुझसे कोई बात नहीं करता, फोन छोडके."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी नव्हते. मला राग आला. हा व्यापारी, आम्ही विणकर. याच्या मते आम्ही जन्मभर खड्ड्यात पाय सोडून बसायचं, असं मला वाटलं. जिना उतरताना मी भावाला म्हणाले, "जळते मेले. दुसरा वर आलेला पाहवत नाही यायले." भाऊ म्हणाला, "तो बुढा काही वाईट नाही बोलला वं." मी त्याला गप्प बसवलं. त्याला गप्प बसवायला कधीच कष्ट पडत नसत.

मग रामदासपेठेतला एक दलाल मी स्वतः शोधला. नवीन ऑफिस, टेबलावर काच, काचेखाली देवाचं चित्र. त्याला भाऊ फार आवडला. अशी शांत गिऱ्हाइकं त्याला कुठे मिळत होती.

पहिलं दीड वर्ष बरं गेलं आणि तेच वाईट झालं. बाजारच चढत होता. त्या काळात म्हैस जरी दलालाच्या ऑफिसात नेऊन बसवली असती तरी तिनं फायदा केला असता. आम्ही मात्र त्याला अक्कल समजलो. भाऊ तसाच राहिला, शर्टसुद्धा नवा घेतला नाही. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. एक्स्चेंजमध्ये मी दुसऱ्यांच्या आवाजातली घाई ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या भावाचं बघा.

त्या फायद्याच्या भरात पुढची खोली विकली. घर आईच्या मागे भावाच्याच नावावर झालं होतं, कचेरीच्या चकरा बाबांना नको होत्या म्हणून. घेणाऱ्यानं तिथे आटाचक्की टाकली. भावाचा माग उकलून भिंतीला लावून ठेवला. माग उचलून नेता येतो, खड्डा नेता येत नाही; चक्कीवाल्यानं तो विटामातीनं भरला आणि वर फरशी घातली. त्या दिवसापासून मागच्या खोलीची भिंत थरथरायला लागली. बाबांच्या ताण्यावर पिठाची बारीक पांढरी धूळ बसायची. ते रोज सकाळी फडक्यानं ती झटकायचे आणि बसायचे. पुढच्या खोलीबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. फक्त चक्कीवाला अधूनमधून मागच्या खोलीत डोकावून जायचा, 'मिरचीची चक्की लावायची आहे, जागा पुरत नाही' म्हणायचा, तेव्हा बाबा हात थांबवून तो जाईपर्यंत वाट बघायचे.

मग बाजार फिरला.

एका दिवसात नाही. रोज थोडा. कॉल वाढले, लाईनी तुंबल्या, लोक दहापट पैसे भरून ताबडतोबीचे लाइटनिंग कॉल मागायला लागले. हेडफोनमध्ये मला तेच आवाज वेगळे ऐकू यायला लागले. कुणी भाव ऐकून हसायचा. कुणी तोच भाव तीनदा विचारायचा. एक मास्तर होते, ते भाव ऐकून फक्त 'बरं, बरं, बरं' म्हणत राहायचे, थ्री मिनिट्स म्हटलं तरी 'बरं' म्हणायचे. मी घरी यायचे तेव्हा भाऊ शांत बसलेला असायचा. मी विचारायचे, "काय चाललंय?" तो म्हणायचा, "खाली आला, अजून थोडे घेतले. सरासरी खाली येते." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. धागा तुटला, जोडला. तुटला, जोडला. मी त्याचा चेहरा बघायचे. त्यावर घाबरल्याची खूण नव्हती. आणि पहिल्यांदा मला त्या शांतपणाची भीती वाटली.

एका दुपारी इतवारीचा कॉल लागला. "क्या भाव?" मुंबईनं सांगितला. शांतता नेहमीपेक्षा थोडी जास्त. मग म्हातारा म्हणाला, "सब. आज के आज. जो मिले वो भाव." मुंबईचा माणूस म्हणाला, शेठ, अर्ध्यात जाईल. म्हातारा म्हणाला, "आधा तो बचेगा." फोन खाली.

त्या संध्याकाळी मी नियम मोडला. ऐकलेलं बाहेर सांगितलं. भावासमोर बसून शब्द न् शब्द सांगितला. म्हटलं, "त्यानं सगळं काढलं. तूही काढ. उद्याच."

भाऊ म्हणाला, "तो व्यापारी आहे ताई. त्याले काय, आज हे, उद्या ते. ताणा अर्ध्यात कापत असते काय कोणी?"

"हा ताणा नाहीये गा."

"मंग काय आहे?"

मला सांगता आलं नाही.  मीच त्याला या कामाला लावलं होतं ते याच गुणावर. म्हातारा काय पाहत होता ते मला तेव्हा दिसलं. म्हातारा शांत होता ते चूक कबूल करून मोकळा व्हायचा म्हणून. माझा भाऊ शांत होता ते चूक झाली असं त्याला कधी वाटतच नव्हतं म्हणून. दोन्ही आवाज फोनवर सारखेच ऐकू येतात. एवढी वर्षं कान लावून बसून मला एवढं कळलं नव्हतं.

मग भाऊच म्हणाला, अगदी सहज, "मागच्या खोलीचं चक्कीवाल्यासंग बोलून राहिलो. इसार देतो म्हणते. तेवढ्यात जमून जाईन."

मागच्या खोलीत ठकठक थांबली. भिंत एवढी पातळ होती की बाबांना सगळं ऐकू जायचं.

थोड्या वेळानं त्यांनी मला आत बोलावलं. खड्ड्यात पाय सोडून बसले होते. समोर हिरव्या काठाचं लुगडं, चार हात विणून झालेलं.

"त्या बाजारातले लोक चुकले तं काय करतात वं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कापतात बाबा. तोट्यात कापतात अन् घरी जाऊन जेवतात."

"सगळे?"

"जे टिकतात ते."

त्यांनी मान हलवली. जेवण वाढ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी अकराची. मी डबा भरत होते. बाबांनी भावाला हाक मारली. मीही दारात जाऊन उभी राहिले. बाबांनी आंघोळ केली होती, मागाला हळदकुंकू लावलं होतं. लुगडं तर अर्धंही झालं नव्हतं. मला आधी वाटलं, यांना विसर पडायला लागला.

"इथं बस," ते भावाला म्हणाले. भाऊ खाली बसला. बाबांनी कात्री घेतली आणि विणलेल्या काठाच्या पुढे ताण्यात घातली.

आवाज फार मोठा होत नाही. तंग धागे कापले की सैल होऊन मागे पडतात, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि माग एकदम मोठा दिसायला लागतो.  बाबा एकदाही थांबले नाहीत. भाऊ उठायला गेला तर त्यांनी डाव्या हातानं त्याचा खांदा दाबून धरला. सगळं कापून झाल्यावर चार हातांचं लुगडं त्यांनी घडी करून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पाह्य," ते म्हणाले. "मले जमलं. साठ वर्षं मागावर बसून मले जमलं. तुले काहून नाही जमत?"

पलीकडे चक्की सुरू झाली. भाऊ त्या लुगड्याकडे बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "हो बाबा. आज बोलतो मुंबईले."

मला रडू आलं, आणि बरंही वाटलं. ऑफिसला जाताना बसमध्ये मी मनाशी हिशेब करत होते, पुढची खोली गेली तर गेली, मागची राहील, बाबांना नवीन ताणा बसवून देऊ, मी स्वतः धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरून देईन. किती दिवसांनी मला बसमध्ये बसायला जागा मिळाली तेही आठवतं.

दीड वाजायच्या सुमारास माझ्या बोर्डावर दिवा लागला. रामदासपेठेचा नंबर, दलालाचं ऑफिस. लाइटनिंग कॉल, मुंबई. आवाज भावाचा. त्यानं मला ओळखलं नाही; बोर्डावर आमचा आवाज वेगळाच असतो, आणि मी फक्त नंबर परत म्हटला. त्या दिवसांत मुंबईची लाईन मिळवायची म्हणजे नाकी नऊ यायचे. मी ती मिळवली. ओळखीच्या मुंबईच्या ऑपरेटरला गळ घातली, दुसऱ्या बाईची रांगेतली तिकिटं मागे सारली, चार मिनिटांत लावून दिली. माझ्या भावाला आज विकायचं होतं. 

मुंबईचा माणूस म्हणाला, बोला.

भाऊ म्हणाला, "खोलीचा इसार आज मिळाला. सगळ्याचे अजून घ्या."

अगदी शांत आवाज. थंड डोकं.

मुंबईचा माणूसही गडबडला. म्हणाला, मार्केट बघता आहात ना, पक्कं करू का, आणि मग कागद चाळल्याचा आवाज आला. ते चार-पाच सेकंद असतील. कॉर्ड माझ्या हातात होती. ओढली असती तर लाईन तुटली असती. रोज अशा दहा तुटायच्या, कुणी विचारत नव्हतं. पुन्हा लागेपर्यंत दोन वाजले असते, बाजार बंद झाला असता, संध्याकाळी मी घरी पोचले असते, इसार परत करता आला असता. हे सगळं मला त्याच वेळी दिसत होतं. मी कॉर्ड घट्ट धरून बसले. जोडून दिलेली लाईन मध्येच तोडायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण मी नियमासाठी थांबले नाही. नियम तर मी आदल्याच दिवशी मोडला होता. माझा हातच झाला नाही. मीही त्याच घरातली.

"पक्कं," भाऊ म्हणाला.

तीन मिनिटं झाली नव्हती, तरी मी म्हटलं, "थ्री मिनिट्स."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. भाव आणखी पडला आणि पडूनच राहिला. मागच्या खोलीतला खड्डा चक्कीवाल्यानं महिन्याभरात भरला. बाबा नागपूरजवळच्या खाप्याला चुलतभावाकडे गेले. तिथे माग होते, पण सगळ्या मागांवर त्या घरचीच माणसं बसलेली. बाबांना कांड्या भरायला दिल्या. ते काम आमच्याकडे बायका आणि पोरं करतात. मी महिन्यातून एकदा जायचे, ते ओट्यावर बसून कांड्या भरत असायचे आणि मला म्हणायचे, इथं धूळ नाही. दोन वर्षांनी तिथेच गेले. भाऊ कापडाच्या दुकानात लागला, यंत्रमागाचं कापड मोजून कात्रीनं कापून देतो. हे मी रचून सांगत नाही. मला सुचलं असतं तर मी त्याला दुसऱ्या कामाला लावलं असतं.

बाबांचं चार हातांचं लुगडं माझ्या ट्रंकेत आहे. नेसता येत नाही एवढं लहान, टाकताही येत नाही.

कित्येक वर्षांनी, आम्ही दोघं भाड्याच्या खोलीत जेवत होतो. एक्स्चेंजमधले बोर्ड काढायचं ठरलं होतं, त्यावरून विषय निघाला. भाऊ कधी त्या दिवसाबद्दल बोलायचा नाही. त्या रात्री आपणहून बोलला.

"विकाचंच ठरवून गेलो होतो वं ताई. खरंच. निघता निघता चक्कीवाल्यानं इसार हातात ठेवला, तो वापस कराचा होता. पण ऑफिसात बसलो अन् डोळ्यासमोर बाबाचा ताणा. त्यानं माझ्यासाठी अर्ध्यात कापला, अन् मी तोट्यात निघून जाऊ? मले निघवलंच नाही. म्हटलं, भरून काढतो, अन् नवा ताणा लावून देतो."

 तो भाताची कडा सारखी करत होता.

"अन् पाह्य ना," तो म्हणाला, "त्या दिवसांत तुमच्याकडे तीन-तीन तास लाईन लागत नव्हती. तेवढी लागली नसती तं बाजार बंद झाला असता. रातच्याला डोकं ठिकाणावर आलं होतं माझं. बाबाचा माग वाचला असता. कशी काय चार मिनिटांत लागली, कोण जाणे. कोण होती वं त्या दिवशी बोर्डावर?"

"असेल कोणी नवी," मी म्हणाले.